मुका, घेऊ नये

लोक काश्मीरला जातात, केरळला जातात आणि परत आल्यावर सहा महिने शेजाऱ्यांना फोटो दाखवून जेरीस आणतात. मी भाईंदरला गेले. तेही फिरायला नाही, नोकरीच्या मुलाखतीला. पण चार दिवसांत मी एक खाडी, एक पूल, एक समुद्र आणि बोंबलांनी मढलेलं एक गाव पाहिलं, आणि असा एक विजय मिळवला की तो लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आमच्या भागातून मुद्दाम सहल काढून भाईंदरला कुणी जाणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच जरा सविस्तर लिहिते.

आमचं गाव परभणीपासून तासाभरावर आहे. समुद्र आम्हाला भूगोलाच्या पुस्तकातच भेटतो. त्याच्याशी आमचा खरा संबंध एवढाच, की दर शनिवारच्या बाजारात सुके बोंबील आणि सुकट येते आणि आम्ही ती ज्वारीच्या भाकरीबरोबर चवीनं खातो. ती विकायला बसणाऱ्या बायकांमध्ये एक माझी आई. वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. तेव्हापासून आईनं बाजारात बसून मला वाढवलं आणि अन्नतंत्रज्ञानाची पदवी मिळवून दिली.

आणि मी काय केलं? बायोडाटात लिहिलं, ‘आई : गृहिणी’.

त्याला कारण घडलं होतं. पदवीनंतरच्या पहिल्याच मुलाखतीत मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की आई सुके मासे विकते. समोरच्या साहेबांनी खुर्ची वीतभर मागे घेतली. बहुधा त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. मी घरी येऊन दोनदा आंघोळ केली आणि आईला बजावलं, "कंपनीतून कुणाचा फोन आला तर सांग, मी घरीच असते." आई "बरं" म्हणाली आणि पुन्हा त्यावर कधी बोलली नाही. पुढे अकरा ठिकाणी अर्ज केले, तीन ठिकाणी बोलावणं आलं, निवड कुठेच झाली नाही. शेवटी मामांनी तालुक्याच्या एका खासगी शाळेत प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायचं काम बघून ठेवलं. आईशी माझं ठरलं होतं, भाईंदरची ही मुलाखत शेवटची. जमलं तर जमलं, नाहीतर एक तारखेपासून बाटल्या.

जेसल पार्क, बुधवार

रात्रभराच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बसले, अवघडले, उतरले. वैशालीमावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, मला घ्यायला आली होती. ती वीस वर्षं भाईंदर पूर्वेला राहते आणि स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. तिच्या घरातले डबे, पेले, पातेली इतकी चकचकीत आहेत की चहा पिताना आपलंच नाक मोठं होऊन आपल्याकडे बघत असतं.

आईनं मावशीसाठी पिशवी भरून दिली होती. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि वर्तमानपत्रात बांधलेले पाव किलो बोंबील. मावशीनं पुडी सोडली, वास घेतला आणि हसत हसत खालीच बसली.

"अगं सुजाता, हे बोंबील उत्तनचे असणार. आणि उत्तन इथून एका बसवर आहे! इथून गेले परभणीला, परभणीवरून परत इथे. माहेरपणाला आलेत बघ."

मी ओशाळले. "आई म्हणाली, मावशीला आवडतात."

"आवडतात ना! ताईनं निवडलेले आहेत. असे निवडून इथे कोण देतं मला?" असं म्हणून तिनं लगेच चार बोंबील तव्यावर भाजायला टाकले. बाजूच्या घराचं दार धाडकन बंद झालं. मावशीनं तिकडे लक्षही दिलं नाही. मी मात्र उठून खिडकी उघडली.

मावशीच्या मजल्यावर चार घरं, चार तऱ्हा. ती दूधवाल्याशी हिंदीत बोलते, शेजारच्या बेनशी गुजरातीत, माझ्याशी मराठीत आणि गॅसवाल्याशी भांडताना तिन्ही भाषा एकदम वापरते. आमच्या गावात नवीन माणूस दिसला की विचारतात, कुणाची गं तू? इथे जिन्यात भेटलेल्या दोघींनीही मला विचारलं, "जॉब किधर है?" आमच्याकडे माणूस कुणाचा आहे यावरून ओळखतात, इथे कुठे कामाला जातो यावरून. दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला त्या दिवशी नीट देता आली नसती.

संध्याकाळी मावशीनं मला खाडीवर नेलं. जेसल पार्कच्या चौपाटीवर म्हातारी माणसं बाकांवर बसून राजकारण करत होती, पोरं सायकली पळवत होती, आणि जिथे पाणी असायला हवं तिथे नुसता काळा चिखल पसरला होता. मी घाबरून विचारलं, "मावशी, पाणी आटलं की काय?"

"आटतंय कशाला? ओहोटी आहे. येईल थोड्या वेळानं."

आमच्याकडे एकदा गेलेलं पाणी परत यायला वर्ष लागतं, कधी दोन. इथे ते दिवसातून दोनदा जातं आणि दोनदा येतं, आणि बाकावरची म्हातारी मान वळवूनही बघत नाहीत. आम्ही भेळ खाईपर्यंत चिखलाच्या कडेनं पाणी खरंच वर यायला लागलं. मी मावशीला ओढून कठड्याशी नेलं आणि ती माझी गंमत बघत उभी राहिली.

केबिन रोड, गुरुवार

बायोडाटावर मावशीचा पत्ता टाकायचा होता म्हणून आम्ही केबिन रोडला गेलो. या रस्त्यावर साडीपासून सुईपर्यंत सगळं मिळतं आणि चालायला जागा सोडून सगळं आहे. झेरॉक्सच्या दुकानातल्या गुजराती काकांनी माझा जुना कागद दोन बोटांत धरला, चष्म्याखालून बघितला आणि बाजूला ठेवला.

"बेन, हा नाय चालणार. एकदम सादा आहे. मी माझा फॉर्मेट लावते. आमच्या फॉर्मेटवर केटला लोकांना नोकरी लागली!"

"काका, फक्त पत्ता बदलायचाय."

"पत्ता पण बदलते. तुमी टेन्शन नका घेऊ."

त्यांनी भराभर टाइप केलं, निळ्या चौकटीत माझा फोटो बसवला आणि गुळगुळीत कागदावर चार प्रती काढून निळ्या फाइलमध्ये घालून दिल्या. कागद इतका देखणा होता की मी वाचायचीच विसरले. घरी आल्यावर मावशीनं मोठ्यानं वाचायला घेतला आणि शेवटच्या ओळीला थांबली.

"छंद : पोहणे, गिटार वाजवणे, लोकांना प्रेरणा देणे. सुजे, तू कधी शिकलीस गं गिटार?"

आधीच्या कुणा गिऱ्हाइकाचे छंद काकांच्या साच्यात राहून गेले होते. परत धावत गेलो तर दुकानाला कुलूप. मावशी म्हणाली, "जाऊ दे. पोहायला थोडीच सांगणार आहेत तिथे?" ‘आई : गृहिणी’ ही ओळ मात्र काकांनी बिनचूक उतरवली होती. मावशीनं ती वाचली, माझ्याकडे बघितलं आणि फाइल मिटून कपाटावर ठेवली.

वरसावे, शुक्रवार

मुलाखत वरसाव्याला होती, पुलाजवळच्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर. ही कंपनी सुके मासे विकत घेते, साफ करते आणि पाकिटांत भरून देशभर पाठवते. जागा एकच होती, माल तपासनिसाची. जिथे मासे सुकतात तिथे जायचं आणि कुठला माल घ्यायचा, कुठला सोडायचा हे ठरवायचं.

काशीमिऱ्याच्या पुढे घोडबंदर रस्त्यावर ट्रकांची रांग लागली आणि रिक्षावाल्यानं इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली. "अब आधा घंटा भूल जाओ, मॅडम." मी उतरून चालायला लागले. ट्रकांच्या कडेकडेनं धूळ खात निघाले तेव्हा चपलेचा अंगठा तुटला. फाइलची नाडी सोडून मी तो बांधला आणि तशीच फरफटत पोचले. पुलाखाली खाडी चांदीसारखी चमकत होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तिथे तासभर उभी राहिले असते.

वरच्या मजल्यावर साठ-सत्तर जण बसले होते. सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे, केस चापून बसवलेले, हातात निळ्या फाइली. शेजारच्या मुलीची फाइल उघडी होती. मी चोरून वाचलं : छंद, पोहणे, गिटार वाजवणे. पलीकडच्या मुलाचेही तेच. केबिन रोडच्या काकांनी आम्हाला एकाच वाफ्यातली रोपं करून टाकलं होतं. यातून कुणी मलाच का उचलावं, याचं उत्तर मला सुचेना.

माझ्या दुसऱ्या बाजूला निखिल नावाचा मुलगा होता. मत्स्यशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, गळ्यात टाय, आणि बॅगेत ओलावा मोजायचं छोटं यंत्र. मुलगा सज्जन. माझी दशा बघून त्यानं पाण्याची बाटली पुढे केली.

"तुम्ही कुठून आलात?"

"परभणीकडून."

"परभणी? तिकडे मासे असतात?" त्यानं टोमणा मारला नव्हता, त्याला खरंच प्रश्न पडला होता.

मग आम्हाला प्रत्येकाला स्टीलच्या ताटलीत तीन पुड्या दिल्या. तीन प्रकारचे सुके बोंबील. सोबत इंग्रजी फॉर्म, त्यात रंग, वास, ओलावा आणि शेवटी शेरा असे रकाने. बरेच जण पेनाच्या टोकानं बोंबील उलटवत होते. एकीनं रुमालच नाकाला लावला. निखिल शांतपणे यंत्रातले आकडे उतरवत होता. मी कॉलेजात शिकले तसं पहिले तीन रकाने नेटक्या इंग्रजीत भरले. मग "पाच मिनिटं राहिली" असा पुकारा झाला आणि माझी घाई उडाली. मी पहिल्या पुडीतले बोंबील उचलले आणि हातभर उंचीवरून ताटलीत सोडले. खडखड आवाज झाला. दुसरे सोडले. तिसरे सोडले. सगळी खोली मान वळवून माझ्याकडे बघायला लागली तेव्हा मला कळलं की मी बाजारात बसलेली नाही.

आईची रीत ही. बोंबील ताडपत्रीवर सोडायचे आणि ऐकायचं. चांगला सुकलेला माल खडखड वाजतो, त्याला आई म्हणते बोलका. आत ओल राहिली असेल तर थप्प आवाज येतो, तो मुका. मधला तो अर्धा मुका. आईला लिहिण्याचा सराव नाही, म्हणून शाळेत असल्यापासून पोत्यांना बांधायच्या चिठ्ठ्या मीच लिहायची. हाताला इतकी सवय, की शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं हे माझ्या डोक्यात शिरायच्या आधी फॉर्म गोळाही झाला होता.

अर्ध्या तासानं आत बोलावलं. टेबलामागे कंपनीच्या मालकीण म्हात्रे मॅडम बसल्या होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी आणि पायात खेळाडू घालतात तसे बूट. बाजूला दोन साहेब. मॅडमनी आधी बायोडाटा उचलला.

"तुम्ही पण पोहता का? सकाळपासून नऊ पोहणारे गिटारवादक येऊन गेलेत."

"नाही मॅडम. मी खाडीसुद्धा परवा पहिल्यांदा पाहिली. गिटार अजून पाहायचीय."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मग त्यांनी माझा फॉर्म घेतला आणि गंभीर आवाजात वाचायला सुरुवात केली.

"नमुना एक. बोलका, घ्यावा." त्यांनी चष्मा सारखा केला. "नमुना दोन. अर्धा मुका, घासाघीस करून घ्यावा."

एका साहेबांना ठसका लागला.

"नमुना तीन. मुका, घेऊ नये."

मग तिघेही जे हसायला लागले ते थांबेचनात. एक साहेब तर टेबलावर डोकं टेकून हसले. मला आत्ता कुठे उमगलं की मी काय लिहिलंय. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण आम्ही वरच्या मजल्यावर होतो. मॅडमनी पदरानं डोळे पुसले.

"हे कुठून आणलंस गं? हे शब्द कुणाचे?"

सांगायची वेळ हीच होती. मला खुर्ची मागे घेणारे ते साहेब आठवले.

"आमच्याकडे बाजारात म्हणतात," मी म्हणाले.

"बाजारात कोण?"

"असेच. सगळे."

मॅडमनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि फॉर्म वेगळा ठेवला. दुपारी दोनच नावं जाहीर झाली. निखिल, आणि त्यांच्या माणसाच्या शब्दांत सांगायचं तर, "ती मुका लिहिणारी मुलगी". उद्या सकाळी दोघांनी उत्तनला यायचं होतं.

घरी आल्यावर मी मावशीला सगळं साग्रसंगीत सांगितलं. मुक्याच्या किश्श्यावर ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मग एकदम थांबली. "बाजारात म्हणतात, सगळे म्हणतात. सगळे म्हणजे कोण गं? ताईचं नाव घ्यायला जीभ जड झाली का तुझी?"  त्या संध्याकाळी शेवटच्या दोघांत नाव आल्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

उत्तन, शनिवार

भाईंदर पश्चिमेहून बस सुटली आणि पंधरा-वीस मिनिटांत इमारती संपल्या. मग झाडी, कौलारू घरं, वळणावळणाला फुलांचे हार घातलेले क्रूस, आणि अचानक समोर समुद्र. मी खिडकीला नाक लावून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "पयल्यांदा बघतंस?" मी मान हलवली तर तिनं उठून मला खिडकीची बाजू नीट मोकळी करून दिली. किनाऱ्यावर लाल-निळ्या होड्या ओळीनं लागल्या होत्या आणि त्यांच्यामागे बांबूंच्या उंच मांडवांवर बोंबीलच बोंबील लटकत होते. इथे या मांडवाला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. खिळा नाही, गाठ नाही. जन्मभर बोंबील बघत आले, पण ते असे जोडीनं वाऱ्यावर झुलतात हे मला माहीत नव्हतं.

वलांडीची मालकीण फिलोमिना आंटी. गावातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातली, सत्तरीची, काटक, कमरेला चाव्यांचा जुडगा. मॅडम आणि निखिल येईपर्यंत तिनं मला चहा आणि फुगे दिले. फुगे म्हणजे पिठाचे तळलेले गोल, आतून पोकळ आणि मऊ. आमच्या गुलगुल्यांचे चुलत भाऊ शोभतील, फक्त गोडी कमी.

"कुठली गो तू?"

"लांबची. परभणीकडची."

"आमचा माल जातो तिकरं. मी कदी गेली न्हाय." मग ती स्वतःशीच हसली. "बोंबील मातर सगलीकरं फिरून आला हाय."

मॅडम आल्या आणि परीक्षा सुरू झाली. ताडपत्रीवर दहा ढीग मांडले होते. प्रत्येकानं वेगवेगळं बघून सांगायचं, कुठला घ्यायचा, कुठला नाही. निखिलनं प्रत्येक ढिगाला यंत्र लावलं आणि आकडे लिहिले. मी प्रत्येक ढिगातून ओंजळभर उचलून सोडत गेले आणि कान देऊन ऐकत गेले. वारा होता, लाटांचा आवाज होता, म्हणून मी गुडघ्यांवर बसून कान ताडपत्रीला लावला. आजूबाजूच्या बायका काम सोडून बघायला लागल्या.

नऊ ढिगांचं आमचं दोघांचं उत्तर एकच आलं. अडलं सातव्यावर. निखिल म्हणाला घ्यावा, यंत्र तसं दाखवतंय. मी म्हणाले, मुका आहे.

"पण बघा ना, वरून पूर्ण कोरडा आहे," निखिल म्हणाला.

"वरून आहे. पण वाजत नाही."

मॅडमनी त्यातला एक बोंबील उचलला आणि मधोमध मोडून पाहिला. तो मोडला नाही, वाकला. काट्यालगतचं मांस ओलसर होतं. फिलोमिना आंटी टाळी वाजवून हसली.

"त्यो मीच ठेवला, म्याडमनी सांगितला म्हणून! कालच उतरवला, अजून दोन दिस ऊन पायजे त्याला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आमी पण वाजवूनच बघतो गो. तुला कोणी शिकवला?"

मॅडमही बघत होत्या. समोर समुद्र होता, मागे शेकडो बोंबील झुलत होते, आणि सगळ्या हवेला माझ्या आईच्या लुगड्याला येतो तोच वास येत होता. इथे कुणीही त्या वासानं मागे सरकत नव्हतं.

"माझ्या आईनं," मी म्हणाले. "ती बाजारात बोंबील विकते. मुका आणि बोलका हे तिचे शब्द आहेत. काल मी लपवलं."

"आणि बायोडाटात गृहिणी लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक झाला होता. "माल तपासणाऱ्या माणसानं एकदा खोटं लिहिलं की त्याच्या कुठल्या शेऱ्यावर विश्वास ठेवायचा? आता हे तरी खरं कशावरून? लाव आईला फोन. स्पीकरवर."

शनिवार होता. आई बाजारात असणार. मी नंबर लावला आणि फोन मॅडमच्या हातात दिला.

"हॅलो, कोन बोलायलंय?"

"नमस्कार. मी भाईंदरहून, कंपनीतून बोलतेय. तुम्ही सुजाताच्या आई ना? तुम्ही काय काम करता?"

मग आईचा आवाज आला. मी कधी ऐकला नव्हता इतका गुळगुळीत, शिकवलेला.

"मी? मी घरीच असते मॅडम. घरकाम."

आणि त्याच वेळी मागून कुणीतरी बोंबललं, "ओ काकू, बोंबील कसे लावले?"

निखिल खाली वाळूकडे बघायला लागला. मॅडमनी भुवया उंचावल्या. मी शिकवलेलं खोटं आई माझ्यासाठी अगदी इमानदारीनं बोलत होती, आणि त्यानंच माझी नोकरी जाणार होती. पण मला नोकरीचं वाईट वाटलं नाही. भरल्या बाजारात, आपल्याच पोत्यांच्या मध्ये बसून, माझ्या आईला स्वतःला नाकारावं लागलं होतं, त्याचं वाईट वाटलं. मी फोनवर झुकले आणि ओरडलेच.

"आई, मी सुजाता! खरं सांग. मी सगळं सांगितलंय इथं."

"सगळं?"

"सगळं."

"अन् मंग? हाकलून दिलं का तुला?"

"अजून नाही."

मग आईनं घसा खाकरला, आणि तिचा खरा आवाज आला, चार दुकानं ओलांडून ऐकू जाणारा.

"हां, मंग ऐका ताई. बोंबील इकते मी. दहा-अकरा साल झाले. आता तुमी फोन केलाच हाय तर सांगते. मागच्या दोन खेपा वरचा थर बोलका अन् खालचा मुका निघालाय. पोतं दाबून भरू नका. खालच्याला हवा लागत नाही, वाटेत घाम येतो त्याला. माल तुमचा असंल नसंल, तुमच्याकडच्या लोकांला सांगा."

मॅडम उलट्या टोपलीवर बसल्या. निखिलकडे हात पुढे करून त्यांनी त्याची वही आणि पेन मागून घेतलं आणि लिहायला लागल्या. पोतं किती भरायचं? तोंड कसं बांधायचं? गाडीत किती दिवस चालतं? आई सांगत होती, मॅडम लिहीत होत्या, आणि फिलोमिना आंटी मध्येच, "बरोबर बोलते ती, मी किती वेला सांगितला," म्हणत होती. एवढ्यात आई म्हणाली, "थांबा जरा, गिऱ्हाईक हाय," आणि कंपनीच्या मालकीण भर उन्हात फोन हातात धरून थांबल्या. मी तिथे उभी राहून हे बघत होते आणि मला रडू येत होतं आणि हसूही. ही माझी आई आहे, असं त्या अख्ख्या किनाऱ्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

मॅडमनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"सुजाता, या बाई येतील का गं आमच्याकडे कामाला?"

"नाही मॅडम, त्यांचा धंदा जोरात आहे," मी म्हणाले. "तुम्हाला मलाच घ्यावं लागेल."

त्या मोठ्यानं हसल्या. निखिलही हसला आणि त्यानं स्वतःहून माझा हात हातात घेऊन हलवला. मॅडमनी वही मिटली आणि फोनवरचा हात काढला.

"घेतली," त्या म्हणाल्या.

"काय घेतलं ओ ताई?" फोनमधून आईनं विचारलं. "किती किलो?"